नजरेसमोरची जागा

१

कात्रीचं खरं नाव कागदोपत्रीच उरलं होतं. सात वर्षांची असताना तिने घरातल्या साऱ्या जुन्या मासिकांतली चित्रं कापून काढली आणि त्या भरात मामाच्या दोन कोऱ्या अंकांचाही निकाल लावला. आई हात उगारून धावली. मामाने मात्र कापलेली चित्रं एकेक करून उजेडात धरली, निरखून पाहिली आणि म्हणाला, "हिला रागावू नकोस गं. कुठे थांबायचं ते हिला कळतं." तेव्हापासून ती कात्री झाली ती झालीच. आता चाळिशी उलटली होती, एका मोठ्या छापखान्यात फोटो छपाईजोगे करण्याच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तरी फोनवर लोक विचारत, "कात्री मॅडम आहेत का?"

त्याच दिवशी तिने मामाला एक प्रश्न विचारला होता. चित्र कापल्यावर उरलेला भाग कुठे जातो? दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, केरात. मामाने थोडा विचार केला आणि सांगितलं, "तो कापणाऱ्याकडे राहतो." पोरीला ते इतकं पटलं की पुढे वर्षभर तिने कागदाच्या चिंध्या बुटांच्या खोक्यात जपून ठेवल्या.

मामा पोस्टात नोकरीला होता आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढायचा. बाकीचे लोक पक्ष्यामागे धावतात. मामा एक रिकामी फांदी निवडायचा, तिच्यासमोर कॅमेरा रोवायचा, चौकट पक्की करायचा आणि मग बसून राहायचा. चार तास, सहा तास, कधी दोन रविवार. पक्षी कुठे बसेल, कुणीकडे बघेल, हे त्याने आधीच ठरवलेलं असायचं. ज्या बाजूला तो बघणार त्या बाजूला चौकटीत मोकळी जागा हवी, नाहीतर पक्षी कोंडल्यासारखा दिसतो, हे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण ती जागा पक्षी यायच्या आधी ठरवणारा माणूस कात्रीने दुसरा पाहिला नव्हता. "जागा ठेवली की येतो," एवढंच मामा म्हणायचा. आणि यायचा. चाळीस वर्षांत मामाच्या एकाही फोटोला कडेने कापायची गरज पडली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फोटोंच्या कडा कापणाऱ्या कात्रीला याचं किती कौतुक वाटायचं ते सांगून कळायचं नाही.

अडीच महिन्यांपूर्वी तळ्याकाठी, कॅमेऱ्यामागच्या त्याच्या घडीच्या स्टुलावरच मामाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याच्या निवडक एकशे बारा फोटोंचं पुस्तक त्याआधीच छपाईला लागलं होतं. राहिलं होतं ते मुखपृष्ठ. डॉक्टरांनी मामीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दिवसांची हमी देता येणार नाही. म्हणून आता एकच घाई होती. मामाच्या डाव्या हातात, तो हात चालतो आहे तोवर, त्याचं पुस्तक ठेवायचं.

२

छापखान्यातून सुटली की कात्री चारच्या सुमाराला मामाकडे यायची. चपला दारात, पिशवी खुंटीला, मामाच्या खोलीत डोकावून एक "आले रे मामा", आणि मग शेजारच्या खोलीत त्याच्या टेबलाशी. तिथला संगणक मामाचा, पडदा मामाचा आणि खुर्चीही मामाची. ही खुर्ची म्हणजे एक प्रकरणच होतं. पोस्टातून मोडीत काढलेली, लाकडी, दोन्ही बाजूंना हात असलेली आणि बसायला इतकी ऐसपैस की लहानपणी मामा उजवीकडे सरकून बसायचा आणि डाव्या बाजूला कात्री मावायची. मामीने तिला जाड गादी शिवली होती. टेबलाच्या डाव्या अंगाला मामाच्या खोलीचं दार. खुर्चीत बसून पलंग दिसत नसे, पण मामाचा श्वास ऐकू यायचा, मामीच्या बांगड्या ऐकू यायच्या.

मुखपृष्ठासाठी दुसरा फोटो घ्यायचा प्रश्नच नव्हता. झटका येण्याआधी मामाने काढलेला शेवटचा फोटो कॅमेऱ्यात होता. पाण्यात उभा एक लाकडी खांब, त्याच्यावर खंड्या. छातीचा पांढरा डाग, पाठीची ती निळाई, चोचीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब, पडता पडता राहिलेला. पाणी इतकं स्थिर की खांब खाली तसाच्या तसा उलटा उभा. कात्रीने आजवर हजारो फोटो हाताळले होते, पण हा पहिल्यांदा उघडला तेव्हा तिला काही वेळ दुसरं काही सुचलं नाही. मामाचा अभिमान वाटला आणि रडूही आलं.

फक्त एक गोष्ट होती. खंड्या चौकटीच्या अगदी उजव्या कडेला होता. शेपटी आणि कड यांत बोटभर अंतर. तो बघत होता डावीकडे, आणि त्याच्यासमोर पाऊण चौकट नुसतं पाणी.

"झटका आला असणार, हात सरकला असेल," छापखान्यातला जुना कारागीर म्हणाला. त्याला सगळे मिलिमीटर म्हणत, कारण गप्पासुद्धा तो मोजून मारायचा. "कापा बिनधास्त. मुखपृष्ठ उभं आहे, चारास पाच. एवढं पाणी घेऊन काय करणार?"

"मामाचा हात सरकत नाही," कात्री म्हणाली.

"मग एवढी जागा कुणासाठी ठेवली?"

कात्रीने मामाकडे येऊन सगळे आकार करून पाहिले. चारास पाच उभा घेतला तर पक्षी मोठा दिसायचा, पण नजर कडेला जाऊन आपटायची. चौरसात खांब बरा वाटायचा, पाणी तुटायचं. तीनास दोन आडवा म्हणजे मूळ फोटोच. सोळास नऊ केला तर ती रिकामी लांबी आणखीनच लांब व्हायची. शेवटी तिने चारास पाचमध्येच पक्षी खाली उजवीकडे ठेवून समोर जमेल तेवढं पाणी घेतलं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून मामाचा आवाज आला. "जागा सोड."

अडीच महिन्यांतले त्याचे पहिले शब्द होते ते. कात्री धावत गेली. मामा पाठीवर पडला होता, मान डावीकडे वळलेली. मामी पदराने डोळे पुसत होती. "बोलले गं. ऐकलंस ना?"

"जागा सोडते रे मामा," कात्री त्याचा हात हातात घेऊन म्हणाली. "तुझ्या खंड्याला पुरेशी जागा सोडते."

मामाने तिच्याकडे पाहिलं नाही. "जागा सोड," तो पुन्हा म्हणाला.

३

दुसऱ्या दिवशी तिने काम उघडलं तेव्हा निवडलेल्या भागाच्या डाव्या कडेशी पाण्यावर एक तरंग होता. अर्धगोल, नाजूक, कुणी पाण्याला नख लावावं तेवढाच.

काल तो पाहिल्याचं तिला आठवेना. मासा असेल, तिने मनाशी म्हटलं. मासा वर आला, तोंड लावून गेला, त्याच क्षणी मामाने बटण दाबलं. काल आपलं सगळं लक्ष पक्ष्याकडे होतं. तरंग नजरेला बोचत होता म्हणून तिने कड दोन मिलिमीटर आत घेतली, तरंग बाहेर गेला, आणि ती मामीच्या हातचा चहा पिऊन घरी गेली.

तिसऱ्या दिवशी तरंग पुन्हा चौकटीच्या आत होता.

आता कात्री ही काही भाबडी बाई नव्हती. गफलत होते ती माणसाच्या हातून, यंत्राच्या हातून नाही, हे ती नव्या मुलींना रोज ऐकवायची. तिने कापलेली प्रत बंद केली आणि मूळ फोटो उघडला. मुळातही तरंग होताच. डाव्या कडेपासून बराच आत. मग तिने पिशवीतून पोलादी पट्टी काढली, पडद्यावर फोटो पूर्ण आकारात घेतला, मोजलं आणि पाकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: एकशे दहा मिलिमीटर.

चौथ्या दिवशी एकशे अडतीस भरले. तिने पट्टी उलटी धरून मोजलं, उभं राहून मोजलं. एकशे अडतीस. दुसरंही काही मोजायला हवं हे तिला उमगलं होतं, पण तिथे पट्टी लावायचं तिच्या जिवावर आलं. खंड्याच्या शेपटीपुढे बोटभर अंतर उरलं नव्हतं. शेपटीचं टोक कडेला टेकलं होतं.

शेजारच्या खोलीत मामाचा श्वास जरा जोरात चालला होता. "जागा सोड," तो म्हणाला. आता तो हे दिवसातून बऱ्याचदा म्हणायचा. डॉक्टर म्हणाले होते की असं होतं, एखादं वाक्य अडकून बसतं, त्यात अर्थ शोधू नका. मान एकाच बाजूला वळलेली राहणं हेही या झटक्याचं लक्षण आहे म्हणाले. कात्रीला ते ऐकून बरं वाटलं होतं. प्रत्येक गोष्टीला कारण सापडलं की तिला झोप चांगली लागायची.

४

पाचव्या दिवशी ती आली तेव्हा मामी चादर बदलत होती. मामीचंही कौतुक करावं तेवढं थोडं. मामाला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवणं, पाठीला पावडर लावणं, चमच्याने भरवणं, सगळं ती एकटी करायची आणि वर मामाला बजावायची, "अहो, आयुष्यभर मला बसवून ठेवलंत तळ्याकाठी, आता माझी पाळी."

"जरा हात लाव गं," मामी म्हणाली. "हे बघ, परत भिंतीला चिकटले. सकाळी चांगलं मधोमध निजवते, दुपारी बघावं तर भिंतीशी."

पलंगाच्या उजव्या अंगाला भिंत होती. मामाचा खांदा तिला टेकला होता, कोपर अंगाखाली दुमडलं होतं. डावीकडे अर्धा पलंग रिकामा होता आणि मामा त्या रिकाम्या अर्ध्याकडे बघत होता.

"सरकतो कसा?" कात्रीने विचारलं. "उजवी बाजू तर हलत नाही त्याची."

"तेच तर कळत नाही." मामीने आवाज उतरवला. "आणि मी चादर अशी ताणून घालते की नाणं टाकलं तर उडेल. तरी रोज तिथे घडी पडलेली असते. बघ की."

रिकाम्या बाजूला चादरीवर एक अर्धगोल सुरकुती होती. कात्रीने हाताने ती सपाट केली. कापड थंड होतं. दोघींनी मिळून मामाला मधोमध आणलं, आणि मामा घाबरलेल्या माणसासारखा डाव्या हाताने कात्रीची बाही घट्ट धरून राहिला. उभ्या आयुष्यात तिने मामाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. साप पायावरून गेला तरी स्टुलावरून न हललेला माणूस तो.

"जागा सोड," तो म्हणाला.

"सोडते रे," कात्री म्हणाली.

मामी उशी नीट करता करता थांबली. "एक गंमत सांगू? हे कधी 'सोड' म्हणायचे नाहीत. फोटोच्या बाबतीत कायम 'ठेव'. जागा ठेव, डावीकडे जागा ठेव, वर थोडी ठेव. तुलाही तसंच शिकवलं ना?"

तसंच शिकवलं होतं. जागा ठेवली की येतो. शब्दांच्या बाबतीत मामा पट्टीने मोजल्यासारखा नेमका होता, आणि पाच दिवस कात्रीने कान असून ऐकलं नव्हतं.

५

ती परत येऊन खुर्चीत बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. तरंग आता अर्धं पाणी ओलांडून आला होता. त्याच्या आत दुसरा, आणखी लहान तरंग होता, म्हणजे जे काही होतं ते पाण्याला स्पर्श करून थांबलं नव्हतं, अजून करतच होतं. खंड्याच्या शेपटीचं टोक चौकटीबाहेर गेलं होतं. चोचीचा थेंब मात्र अजून तसाच, पडता पडता राहिलेला.

मामाने ती जागा ठेवली होती. चाळीस वर्षांच्या सवयीने आधी चौकट, आधी जागा, मग वाट पाहणं. खंड्या आला. आणि मग त्या उरलेल्या पाण्यात आणखी काही तरी यायला निघालं ते त्याने पाहिलं. म्हणून आता तो सांगतोय, जागा सोड. सोडून दे. त्या जागेचा मोह सोड.

असं तिला वाटलं, आणि वाटलं तशी तिची खात्रीच झाली. ती स्वतःवर थोडी हसलीही. मिलिमीटरला हे सांगितलं असतं तर त्याने तिला सक्तीच्या रजेवर पाठवलं असतं. पण खात्री आणि हसू दोन्ही बाजूला ठेवून तिने मूळ फोटो समोर घेतला. प्रत नव्हे, मूळ. चाळीस वर्षांत कुणी केलं नव्हतं ते ती करणार होती. तिने डावी कड धरली आणि उजवीकडे ओढत आणली, तरंगाच्या पलीकडे, खांबाच्या अलीकडे, चोचीच्या टोकापासून केसभर अंतरावर. उभा, अरुंद, कोंडलेला फोटो. छापखान्यात एखाद्या नव्या मुलीने असा आणला असता तर कात्रीने तो तिच्या हातात परत दिला असता. तिने तो मुळावरच साठवला. कॅमेऱ्यातलं कार्ड पुसलं.

शेजारच्या खोलीत शांत होतं. ती उठून दारात गेली. मामा पलंगाच्या मधोमध होता. मान सरळ, डोळे मिटलेले, छाती संथ वरखाली होत होती. मामी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती. चादर ताणलेली होती, कुठे एक घडी नाही.

कात्री चौकटीला टेकून कितीतरी वेळ नुसती त्याला बघत राहिली.

६

तो आठवडा चांगला गेला. मामा भिंतीकडे सरकला नाही. 'जागा सोड' बंद झालं. मामीला चार घास जास्त भरवता आले, आणि एका दुपारी तिने विनोद केला तेव्हा मामा अर्ध्या तोंडाने हसला. डॉक्टरांनाही नवल वाटलं. छापखान्यात मिलिमीटरने मुखपृष्ठ पाहून नाक मुरडलं, मग पुन्हा पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. "नियमाच्या बाहेर आहे," तो म्हणाला, "पण पक्षी अंगावर येतो. तुमच्या मामाची नजर आणि तुमचा हात. मान गए बुवा."

शुक्रवारी मुखपृष्ठाचा नमुना हातात आला. कात्रीने तो मामाच्या डाव्या हातात दिला. मामाने खंड्याच्या पाठीवरून हळूच अंगठा फिरवला, जसा खऱ्या पक्ष्यावरून फिरवावा. मग अंगठा चोचीपर्यंत आला आणि कागदाच्या कडेवर थांबला. तिथे तो बराच वेळ थांबला. मग मामाने कात्रीकडे पाहिलं, अडीच महिन्यांत पहिल्यांदा सरळ तिच्या डोळ्यांत.

"आवडलं ना रे?" तिने विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते. तिचेही आले. मामी म्हणाली, "पुरे आता, दोघंही एका माळेचे मणी," आणि चहा टाकायला गेली.

कात्री शेजारच्या खोलीत येऊन टेबलाशी बसली. मुखपृष्ठाची छपाई सुरू करा, एवढं एक वाक्य मिलिमीटरला लिहून पाठवायचं होतं. चार वाजून गेले होते, खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर आलं होतं. ती लिहू लागली. लिहिताना उजवं कोपर सारखं खुर्चीच्या हाताला लागत होतं, म्हणून तिने ते जरा अंगाशी घेतलं. बरगडीखाली लाकूड रुतत होतं. मामीला सांगून गादी नीट करून घ्यायला हवी, तिच्या मनात आलं. गेले तीन-चार दिवस लाकूड असंच रुतत होतं.

"कात्री."

मामाचा आवाज होता. खणखणीत, झटक्याआधीचा, अडीच महिन्यांत एकदाही न उच्चारलेलं तिचं नाव स्वच्छ उच्चारणारा. आनंदाने मामीला हाक मारायला तिने तोंड उघडलं.

"कात्री, जागा सोड."

हा सूर तिच्या ओळखीचा होता. आठ-नऊ वर्षांची असताना मामा चहाला उठला की ती त्याची खुर्ची बळकवायची, आणि परत आल्यावर तो मागे उभा राहून नेमका याच सुरात हे म्हणायचा. म्हणजे ऊठ. म्हणजे तिथून ऊठ. फोटोचा त्याच्याशी कधीच काही संबंध नव्हता.

तिने खाली पाहिलं. ऐसपैस खुर्चीच्या अगदी उजव्या कडेला, हाताला चिकटून ती बसली होती. कधी सरकली ते तिला आठवत नव्हतं. कापून उरलेला भाग कापणाऱ्याकडे राहतो, मामाने सांगितलं होतं. मान मात्र मघापासून डावीकडे वळू लागली होती, ती तिने सगळा जोर लावून पडद्याकडे धरून ठेवली.

"आले रे मामा," ती हळूच म्हणाली आणि उठण्यासाठी आधार घ्यायला डावा हात गादीवर टेकायला गेली. हात टेकायला तिथे जागा नव्हती.